जोडी फोडू नकोस

भाचेबुवा, अंगणात दोन जुन्या पिकअप आणून उभ्या केल्यास. एकीचं इंजिन संपलंय, दुसरीची चेसिस गंजलीय, आणि तुझ्या डोळ्यांपुढे मात्र एकच धडधाकट गाडी उभी आहे, हे फोनवरच्या आवाजावरूनच कळलं. विचार चांगला आहे. पुण्यात हे काम नवं नाही. टेल्कोच्या इथल्या कारखान्यातून १९८८ साली टाटामोबाईल बाहेर पडली, १९९४ मध्ये तिच्याच पायावर सुमो उभी राहिली, पुढे २०७ डीआय आली. आणि आकुर्डीला बजाज टेम्पोच्या मॅटाडोर बनत होत्याच. या गाड्यांची इंजिनं उतरवणारे आणि चढवणारे हात भोसरीपासून हडपसरपर्यंत आहेत. तेव्हा माणसं मिळतील, पार्टही मिळतील. पण काही गोष्टी कुणी मिस्त्री तुला बसवून सांगणार नाही, कारण त्याच्या हाताला त्या इतक्या सवयीच्या झाल्यात की सांगायच्या असतात हेच तो विसरलाय. त्या मी सांगतो.

सगळ्यात मोठी गोष्ट आधी. इंजिन, क्लच आणि गिअरबॉक्स हा एकत्र नांदलेला संसार आहे. एका गाडीतून काढायचा तर तिघांना मिळून काढ आणि दुसरीत तसाच बसव. निम्मं इकडचं नि निम्मं तिकडचं करायला गेलास की खर्चाला अंत नाही.

१. गाडीचं नाव वाचू नकोस, इंजिनाचा आकडा वाच — टाटाचं ४८३ म्हणजे ४ सिलिंडर आणि ८३ मिलिमीटरचं बोअर, १९४८ सीसी. ४९७ म्हणजे ९७ मिलिमीटरचं बोअर, २९५६ सीसी. बाहेरून सारख्या दिसणाऱ्या दोन पिकअपच्या बॉनेटखाली हजार सीसींचा फरक असू शकतो, आणि मग माउंटिंगपासून रेडिएटरपर्यंत काहीच जुळत नाही.

२. दोन्ही गाड्या महिंद्राच्या असतील तर दुप्पट जपून — एमएम ५४० च्या काळात प्युजोचं २११२ सीसीचं डिझेल होतं, नंतर २५२३ सीसीचं डीआय आलं, गिअरबॉक्सही बदलत गेले. शिवाय या गाड्यांमध्ये आधीच्या मालकानं काही ना काही बदललेलं असतंच, म्हणून कागदावर विसंबू नकोस, ब्लॉकवरचा नंबर फडक्यानं पुसून वाच.

३. इंजिन-गिअरबॉक्सची जोडी फोडावीच लागली तर चार मापं घेतल्याशिवाय पैसे मोजू नकोस: इनपुट शाफ्टची लांबी, स्प्लाइनचे दात, फ्लायव्हीलचा व्यास आणि पायलट बेअरिंगचं भोक — यांतलं एक जरी चुकलं तरी बाकीची तीन जुळून काही उपयोग नाही.

४. मागच्या डिफरन्शियलचं प्रमाणही दोन्ही गाड्यांचं ताडून बघ. पुढच्या चाकांना ठोकळे लाव, मागची बाजू घोडीवर घे, गाडी न्यूट्रलला ठेव, दोघांनी मिळून मागची दोन्ही चाकं बरोबर एक फेरा फिरवा आणि शाफ्टचे फेरे मोजा — प्रमाण वेगळं निघालं तर नव्या इंजिनावर गाडी एकतर हायवेला किंचाळेल नाहीतर कात्रजच्या चढाला दम टाकेल.

आता ज्या गाडीचं इंजिन घ्यायचं, तिच्याकडे वळू. तुझ्या बाबतीत ती दारातच आहे. पण ती चालू स्थितीत असेतो सगळं तपासून घे. एकदा इंजिन जमिनीवर आलं की ते काही बोलत नाही.

५. सकाळी, रात्रभर थांबलेल्या इंजिनावरच सेल मार. दुसऱ्याची गाडी बघायला गेलास तर आधी ब्लॉकवर तळहात ठेवून बघ — थंड इंजिन खरं बोलतं, आणि विकणारा ते आधीच तापवून ठेवतो.

६. धुराचा रंग बघ — निळा म्हणजे ऑईल जळतंय, काळा म्हणजे डिझेल जास्त जातंय किंवा हवा कमी पडतेय, आणि गरम झाल्यावरही पांढरा राहिला तर कच्चं डिझेल नाहीतर पाणी. काळ्यावर इलाज स्वस्तात होतो, निळ्यावर होत नाही.

७. इंजिन चालू असताना ऑईल भरायचं झाकण उघड — तिथून दमादमानं धूर ढकलला जात असेल तर रिंगा गेल्यात, मग वरचा आवाज कितीही गोड असो.

८. रेडिएटरचं झाकण इंजिन थंड असतानाच काढ, मग चालू करून पाण्यात बुडबुडे येतात का बघ. डिपस्टिकवरचं ऑईल दुधाळ आहे का तेही बघ — दोन्हींतलं एक दिसलं तरी हेड गास्केटचा खर्च आत्ताच हिशेबात धर.

९. गिअरबॉक्सची परीक्षा उतारावर होते. दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये उतरताना अॅक्सिलरेटर सोड — गिअर स्वतःहून निसटत असेल तर आतलं काम आलं, आणि सपाट रस्त्यावर हे सहसा कळत नाही.

१०. गिअरबॉक्सचं ऑईल काढशील तेव्हा ते पसरट ताटलीत घे आणि त्यात लोहचुंबक फिरव — बारीक करडी भुकटी वयाची खूण आहे, ती चालते. पोलादाचे तुकडे आले की दाताला मार बसलाय, आणि चुंबकाला न चिकटणारे पिवळे कण म्हणजे सिंक्रोच्या पितळी रिंगा झिजल्यात.

कागदाचं काम तुला कंटाळवाणं वाटतं, मला माहीत आहे. तरी पान्याला हात लावण्याआधी हेच. कागद कच्चा, तर माल लुच्चा.

११. दोन्ही गाड्यांचे इंजिन आणि चेसिस नंबर पेन्सिलीनं कागदावर घासून उतरवून घे आणि आरसीशी अक्षर न् अक्षर जुळव — एक आकडा जरी वेगळा असला तर तो आत्ता विचारायचा प्रश्न आहे, पासिंगच्या रांगेत नव्हे.

१२. इंजिन बदलणं ही मोटार वाहन कायद्याच्या ५२व्या कलमातली गोष्ट आहे. बदल केल्यावर १४ दिवसांच्या आत आरटीओला कळवून आरसीत नोंद करून घ्यायची असते. वेगळ्या जातीचं किंवा वेगळ्या ताकदीचं इंजिन बसवायचा विचार असेल तर एकही बोल्ट सैल करण्याआधी संगम पुलाजवळच्या कचेरीत विचारून ये — कंपनीनं ठरवलेल्या मूळ तपशिलाशी न जुळणारा बदल चालणार नाही, असं सुप्रीम कोर्टानं जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केलंय. सारख्या गाडीचं सारखं इंजिन घे, हे माझं सांगणं इथेही उपयोगी पडतं.

१३. एक गाडी एमएच १२ आणि दुसरी एमएच १४ असेल तर दोन कचेऱ्यांचा मामला आहे, पुणे आणि पिंपरी-चिंचवड. दोन्हीकडचा टॅक्स, चलनं आणि फायनान्सचा बोजा आधी फेडून टाक — जिच्यावर बोजा आहे त्या गाडीचं इंजिन उचलणं म्हणजे दुसऱ्याच्या मालाला हात लावणं.

१४. सुटे पार्ट नाना पेठेत बिलावर घे. जुन्या बाजारात बुधवारी-रविवारी खुशाल फीर, तिथे ब्रॅकेट, पाने, झाकणं अशा वस्तू छान मिळतात. पण नंबर खरवडलेला ब्लॉक कितीही स्वस्त मिळो, तिथून निघ — चोरीचं इंजिन घेणाऱ्याच्याच दारात पोलीस येतात.

१५. विमा कंपनीलाही नवा इंजिन नंबर लेखी कळव आणि पोच घे — अपघातानंतर नंबर जुळला नाही की क्लेम अडकतो, आणि तेव्हा तुझं ऐकायला कुणाला वेळ नसतो.

आता कामाला लागू. जागा अशी बघ की जमीन सपाट आणि कठीण असेल, वर पत्रा असेल आणि चेनकप्पी टांगायची तुळई खरोखर वजन पेलणारी असेल. दसरा ते होळी हा आपल्याकडे चांगला काळ. पावसाळ्यात ताडपत्रीखाली उघडं ठेवलेलं इंजिन एका रात्रीत सिलिंडरला गंज धरतं.

१६. गाडीखाली विटा नाहीत, लाकडी ओंडके नाहीत, नुसता जॅकही नाही. चारही ठिकाणी लोखंडी घोड्या — जॅक उचलतो, घोडी सांभाळते. वीट इशारा न देता फुटते.

१७. अंगठी, कडं, गळ्यातली साखळी घरी ठेवून ये, आणि टांगलेल्या इंजिनाखाली हातसुद्धा घालू नकोस — गिअरबॉक्ससकट ते वजन दोन-तीन माणसांच्या वजनाहून जास्त असतं, आणि साखळीची कडी तुटते तेव्हा हात मागे घ्यायला वेळ मिळत नाही.

१८. सगळ्यात आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढ, मग पॉझिटिव्ह. बसवताना उलटा क्रम — निगेटिव्ह लागलेली असताना पान्याचं टोक बॉडीला टेकलं तर ठिणगी उडते, आणि आजूबाजूला डिझेल सांडलेलं असतं.

१९. प्रत्येक वायर, पाइप आणि केबल काढण्याआधी दोन्ही टोकांना पांढरी चिकटपट्टी लावून एकच आकडा लिही, आणि मग फोटो काढ — फोटोत वायर कुठे जाते ते दिसतं, पण कुठून येते ते दिसत नाही. खूण एका क्षणाची, नाहीतर वणवण दिवसाची.

२०. नट-बोल्टांसाठी आईकडून झाकणाचे जुने डबे मागून घे आणि प्रत्येक डब्यावर जागेचं नाव लिही: बेलहाउसिंग, स्टार्टर, माउंटिंग, क्रॉस मेंबर — बेलहाउसिंगचे बोल्ट एकाच जाडीचे पण वेगवेगळ्या लांबीचे असतात. लांब बोल्ट आखूड भोकात आवळला की कास्टिंगला तडा जातो.

२१. ऑईल आणि कूलंट वेगवेगळ्या कॅनमध्ये काढ आणि जुनं ऑईल परवानाधारक खरेदीदाराला दे, गटारात सोडू नकोस — आपल्या गल्लीतलं गटार शेवटी मुठेतच जातं.

२२. बॉनेट काढण्याआधी बिजागरीभोवती मार्करनं रेघ ओढ. प्रॉपेलर शाफ्ट काढण्याआधी दोन्ही फ्लँजवर आरपार एक खूण कर — शाफ्ट अर्धा फेरा चुकून बसला तर ठरावीक वेगाला थरथर सुरू होते आणि तू ती नव्या इंजिनात शोधत बसतोस.

२३. रेडिएटर आधी बाहेर काढून भिंतीशी उभा कर, फॅनही काढ — इंजिन पुढे झुलतं ते नेमकं त्याच्या जाळीवर.

२४. डिझेलची प्रत्येक उघडी नळी आणि पंपाचं प्रत्येक तोंड लगेच स्वच्छ बुचानं बंद कर — नॉझलची भोकं इतकी बारीक असतात की धुळीचा एक कणही त्यांना पुरतो.

जोडी खाली उतरवून इंजिन आणि गिअरबॉक्स वेगळे केलेस की तुला लगेच दुसऱ्या गाडीत बसवायची घाई होईल. थांब. हे दोघे वेगळे झालेले असताना जे काम थोडक्या पैशांत होतं, तेच नंतर करायचं तर सगळं पुन्हा उतरवावं लागतं.

२५. क्रँकचं मागचं सील, गिअरबॉक्सचं इनपुट सील, रिलीज बेअरिंग आणि पायलट बेअरिंग न विचारता नवीन टाक — जुनं सील वाचवलं, नवं ऑईल सांडलं. क्लच प्लेट निम्म्याहून जास्त झिजलेली असेल तर तीही, आणि सोबत प्रेशर प्लेट.

२६. क्लचची धूळ हवेनं उडवू नकोस, ओल्या फडक्यानं पूस आणि तोंडाला मास्क बांध — जुन्या प्लेटमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं, आणि ते फुप्फुसात गेलं की बाहेर येत नाही.

२७. फ्लायव्हीलवर निळे डाग किंवा बारीक चिरा दिसल्या तर लेथवर फेसिंग करून आण — नवी प्लेट खराब फ्लायव्हीलवर बसली की गाडी पहिल्या गिअरला झटके देत निघते.

२८. प्लेट बसवताना जुना इनपुट शाफ्ट किंवा अलाइनमेंटची दांडी आत घालून मगच प्रेशर प्लेटचे बोल्ट आवळ, तेही समोरासमोरचे थोडे थोडे — डोळ्यानं मध्यावर वाटणारी प्लेट दोन मिलिमीटर तरी बाजूला असते.

२९. आता सगळ्यात नाजूक घटका: गिअरबॉक्स इंजिनाला भिडवायचा. खाली ट्रॉली जॅक घे, गिअरबॉक्स एखाद्या गिअरमध्ये टाक, आणि एकानं मागून आउटपुट फ्लँज हळूहळू फिरवत राहायचं, दुसऱ्यानं गिअरबॉक्स पुढे सरकवायचा. दोन्ही तोंडांमधली फट वर, खाली, डावीकडे, उजवीकडे सारखी आहे का ते बोट फिरवून बघत राहा. स्प्लाइन जुळली की गिअरबॉक्स मऊपणे आत शिरतो आणि डॉवेलवर टक् आवाज करून टेकतो. टेकला नाही तर मागे घे, बघ, पुन्हा कर. बोल्टनं ओढून जवळ आणायचा मोह होईल, तो आवर — बेलहाउसिंगचा कान तुटतो नाहीतर क्लच प्लेटचा मधला हब वाकतो. आणि गिअरबॉक्स एक मिनिटही शाफ्टवर लटकत सोडू नकोस, चहा आला तरी जॅक खालीच राहू दे.

३०. जोडी फोडावी लागली असेल तर डॉवेल पिना जुन्या ब्लॉकवरच राहिल्यात का बघ आणि आठवणीनं नव्याकडे ने — बोल्ट दोघांना आवळून धरतात, मधोमध आणायचं काम डॉवेलचंच.

३१. प्रत्येक नट आधी बोटानं तीन-चार आटे चढव, मगच पाना लाव — बोटानं बसतो तो नट, पान्यानं बसतो तो हट्ट. टॉर्क पान्यानं आवळून झालेल्या बोल्टावर खडूची रेघ ओढ, म्हणजे जेवून आल्यावर कुठवर आलो होतो हा वाद होणार नाही.

३२. माउंटिंगची रबरं जोडीनं बदल आणि चारही बोल्ट सैल ठेवून इंजिन थोडं हलवून स्थिर होऊ दे, मग आवळ — ताणात आवळलेलं माउंटिंग केबिनभर थरथरतं.

३३. इंजिन आणि चेसिस यांच्यामधली जाड अर्थ पट्टी विसरू नकोस, दोन्ही टोकं घासून चकचकीत कर — ती नसली की स्टार्टरचा करंट वाट शोधत क्लचच्या किंवा अॅक्सिलरेटरच्या केबलमधून जातो. केबल तापून चिकटते आणि तू दोष केबलला देतोस.

३४. पहिला सेल डिझेल बंद ठेवून मार, म्हणजे स्टॉपची केबल ओढून किंवा सोलेनॉइडची वायर काढून. दहा सेकंद सेल, मग विश्रांती, असं ऑईलचा दाब दिसेपर्यंत — कोरड्या बेअरिंगवर इंजिन पेटलं तर पहिल्याच मिनिटात त्याचं आयुष्य निम्मं होतं. मग हातपंपानं फिल्टरपासून हवा काढ. सैल केलेल्या नॉझलच्या नळीसमोर हात किंवा डोळा आणू नकोस, त्या दाबाचं डिझेल कातडीत घुसतं.

३५. एअर क्लीनर बसवण्याआधी एक सपाट फळी हाताशी ठेव — डिझेल इंजिन कधी कधी स्वतःच्याच ऑईलवर पळत सुटतं, चावी काढली तरी थांबत नाही. तेव्हा हवेचं तोंड फळीनं बंद करणं हाच इलाज, आणि तिथे तळहात कधीही लावायचा नाही.

३६. रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी नको, डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट घाल. इंजिन गरम होऊन थंड झालं की पातळी पुन्हा बघ — आत अडकलेली हवा पहिल्या फेरीनंतरच सुटते.

३७. पहिली फेरी रिकामी, घराजवळ, आणि सोबत माहीतगार माणूस. दुसरी सासवडच्या बाजूला, पण दिवे घाटाच्या पायथ्यापर्यंतच. घाट चढायचा तो पाचशे किलोमीटर झाल्यावर, सगळे बोल्ट आणि पाइपचे क्लँप पुन्हा आवळून — नवी पॅकिंगं आणि रबरं बसतात, म्हणून पहिल्यांदा घट्ट असलेला बोल्ट नंतर सैल सापडतो.

३८. आठ वर्षांपुढच्या मालवाहू गाडीला दरवर्षी पासिंग असतं. पासिंगची तारीख जवळ असेल तर इंजिनाची नोंद आधी करून घे, गाडी मग ने — इन्स्पेक्टर पहिल्यांदा बॅटरी घेऊन इंजिनाचा नंबरच बघतो.

३९. आणि मागे उरलेली ती दुसरी गाडी, बिनइंजिनाची. ती अंगणात वर्षानुवर्षं सडू देऊ नकोस. गाडी चालवण्याजोगी उरली नाही तर तेही १४ दिवसांत कळवायचं असतं, कायद्याचं ५५वं कलम. नोंदणी रद्द करून ती अधिकृत स्क्रॅप केंद्रात दे आणि प्रमाणपत्र ठेव — तुझ्या नावावरची चेसिस कुणी तिसराच वापरत असेल तर त्याचा जाब तुलाच द्यावा लागेल.

यादी लांबली खरी, पण यातल्या निम्म्या गोष्टी चिकटपट्टी, खडू आणि डबे एवढ्यावर होतात. इंजिन उचलायचा दिवस ठरला की आदल्या रात्री फोन कर. चेनकप्पीची साखळी ओढायला एक आणि इंजिन सावरायला एक, अशी दोन माणसं लागतातच. एकट्यानं सुरू करू नकोस, मी येतो.